सिंधुदुर्गाची रेल्वे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चतुर्थी दोन महिन्यांवर आली की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या घरांत आणि मुंबईतल्या चाकरमान्यांत एकच विषय निघतो : तिकीट मिळालं का? 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. गणपतीच्या दिवसांचं आरक्षण उघडलं की बघता बघता प्रतीक्षा यादी लागते आणि सगळीकडून एकच मागणी होते, ‘गाड्या वाढवा.’ या मागणीमागचा राग रास्त आहे. पण मागणी मोघम असली की उत्तरही मोघम मिळतं. सणापुरत्या विशेष गाड्या जाहीर होतात, सण पार पडतो आणि मूळ दुखणं पुढच्या वर्षावर जातं. म्हणून आपल्या रेल्वेबद्दलचे काही पक्के झालेले समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज 1 : मालवणला मुद्दाम डावलून रेल्वे आतून नेली.

वस्तुस्थिती : जिल्ह्यातली ही स्थानकं पाहा : वैभववाडी रोड, नांदगाव रोड, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, झाराप, सावंतवाडी रोड, मडुरे. मालवण, देवगड आणि वेंगुर्ले या किनारी तालुक्यांच्या ठिकाणी रूळ पोहोचले नाहीत, हे खरं. पण त्यामागे भूगोल आहे. हा मार्ग ताशी 160 किलोमीटर वेग डोळ्यांसमोर ठेवून आखला गेला. 150 मीटर अंतरात 1 मीटरपेक्षा जास्त चढ नको, वळणंही मोठ्या त्रिज्येची हवीत, असे नियम पाळायचे होते. देवगड, आचरा, कर्लीच्या खाड्या मुखाशी रुंद आणि मध्ये जांभ्याचे सडे. आतून जाऊनसुद्धा रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतच्या 741 किलोमीटरमध्ये नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल बांधावे लागले.

मालवणकरांचा खरा प्रश्न स्थानकापासून घरापर्यंतच्या तीस ते पंचेचाळीस किलोमीटरचा आहे. रात्रभर प्रवास करून कुडाळला उतरलेल्या माणसाला बाहेर एसटी उभी मिळाली तर त्याच्यासाठी रेल्वे मालवणपर्यंत आली असंच म्हणायचं. ती नसली तर सामान, लहान मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळत रिक्षावाल्याशी भाडं ठरवण्यात सकाळ जाते. एसटीचं वेळापत्रक गाडीच्या वेळेशी जुळवायला बोगदा खोदावा लागत नाही. हे काम जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होण्यासारखं आहे.

गैरसमज 2 : कोकण रेल्वे म्हणजे मध्य रेल्वेचाच एक भाग, बजेटमधून पैसे आले की कामं होतात.

वस्तुस्थिती : मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस केंद्रात मंत्री असताना, जुलै 1990 मध्ये, या मार्गासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. ई. श्रीधरन तिचे पहिले अध्यक्ष. भागभांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, तर गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6 टक्के होता. कर्ज आणि रोखे उभारून मार्ग बांधला गेला आणि 26 जानेवारी 1998 रोजी तो संपूर्णपणे खुला झाला. प्रवासाच्या भाड्यातही इथे प्रत्यक्षापेक्षा वाढीव अंतर धरलं जात आलं आहे. इतर विभागीय रेल्वेंना अर्थसंकल्पातून जसा थेट पैसा मिळतो, तसा या कंपनीला मिळत नव्हता. दुहेरी मार्गासारखी मोठी कामं रखडण्याचं एक मूळ इथे आहे.

आणखी एक गोष्ट. रोह्यापासून मुंबईकडचे रूळ मध्य रेल्वेचे. म्हणजे सावंतवाडीहून मुंबईला नवी गाडी हवी असेल तर मुंबईत फलाट मध्य रेल्वेने द्यायचा, पुढची वाट कोकण रेल्वेने मोकळी करायची आणि मंजुरी रेल्वे बोर्डाची. दादरला येणारी रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर दिव्यालाच थांबू लागली. सावंतवाडीची पॅसेंजरही दिव्यापर्यंतच. बोचकी-पिशव्या घेऊन दिव्याला उतरायचं आणि भरलेल्या लोकलमध्ये चढायचं, हे हाल कोकणातल्या रुळांमुळे होत नाहीत. ते मुंबईतल्या फलाटाच्या वाटपामुळे होतात. तेव्हा अर्ज कुठल्या कार्यालयात करायचा, हे आधी माहीत हवं.

या कंपनीच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला महाराष्ट्रानेही 2025 मध्ये, ‘कोकण रेल्वे’ हे नाव राखण्याच्या अटीवर, संमती दिली. विलीनीकरणाने पैशांचं दार उघडू शकतं. त्या दारातून सिंधुदुर्गासाठी काय मागायचं, ते मात्र आपणच ठरवायचं आहे.

गैरसमज 3 : वीज आली, आता हव्या तेवढ्या गाड्या धावतील.

वस्तुस्थिती : मार्च 2022 मध्ये संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. डिझेलचा खर्च आणि धूर कमी झाला, ही मोठीच गोष्ट. पण विजेमुळे रूळ दुप्पट होत नाहीत. रोहा ते वीर हे सुमारे 47 किलोमीटर 2021 मध्ये दुहेरी झाले. वीरच्या पुढे रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी हा सगळा मार्ग एकेरीच आहे.

मालवणच्या बाजारपेठेत समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की एकीला मागे सरून बाजूला उभं राहावंच लागतं. रेल्वेचंही तसंच. नांदगाव रोडला पॅसेंजर बाजूच्या रुळावर घेतली जाते, पुढचा सिग्नल लाल राहतो, समोरून एक्स्प्रेस धडधडत निघून जाते. पॅसेंजर सुटायच्या बेतात असते तोच मागून दुसरी वेगवान गाडी येत असल्याचा निरोप येतो आणि थांबणं लांबतं. एक गाडी उशिरा धावली की तिच्या वाटेतल्या साऱ्या ‘क्रॉसिंग’ची घडी विस्कटते. मालगाड्यांना आणि केरळकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही हीच एक वाट आहे.

यावर निम्मा उपाय म्हणजे मधली अंतरं तोडणारी नवी क्रॉसिंग स्थानकं. आपल्या भागात खारेपाटण आणि आचिर्णे ही त्यातलीच. खरा उपाय दुहेरी मार्ग. सगळा एकदम शक्य नसेल तर बोगदे कमी असलेले टप्पे आधी घ्यावेत. सणाच्या जादा गाड्यांचं गणितही इथेच येऊन अडतं : गाडी वाढवता येते, वाट वाढवता येत नाही.

गैरसमज 4 : पावसाळी वेळापत्रक म्हणजे रेल्वेने स्वतःची सोय पाहणं.

वस्तुस्थिती : 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ डोंगर खोदून काढलेल्या वाटेत दरड रुळावर आली आणि कारवारहून मुंबईला निघालेली विशेष गाडी तिच्यावर आदळली. पन्नासच्या आसपास माणसं गेली. वर्षभरात, जून 2004 मध्ये, रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला आणि सुमारे वीस जण दगावले. पावसाळ्यात वेग कमी ठेवण्यामागे या अपघातांचा धडा आहे. चालकाला पुढे पडलेला दगड दिसला तर गाडी थांबवायला अंतर उरलं पाहिजे, एवढं साधं कारण.

त्यानंतर उतारांना लोखंडी जाळ्या बसल्या, कडे कमी तीव्र केले गेले, भिंती उभ्या राहिल्या. पावसाच्या रात्री गस्तीवाला बॅटरी, हातदिवा आणि रुळावर ठेवायचे इशाऱ्याचे फटाके घेऊन आपला टप्पा पायी तुडवतो. डोंगरातून माती घसरताना दिसली की दोन्ही बाजूंना इशारा पोहोचवणं ही त्याची जबाबदारी. आपण झोपेत सुखरूप कुडाळला पोहोचतो, त्यात त्याच्या भिजलेल्या रात्रीचा वाटा आहे.

धोका मात्र संपलेला नाही. जुलै 2024 मध्ये आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं, मग काही दिवसांतच खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली. एकेरी मार्ग असल्याने दोन्ही वेळा वाहतूक ठप्प झाली. जून 2023 मध्ये सुरू झालेली मुंबई–मडगाव वंदे भारतदेखील पावसाळ्यात कमी दिवस आणि कमी वेगाने धावते. तेव्हा वेग वाढवण्याची मागणी करताना आधी उतारांच्या मजबुतीची मागणी केली पाहिजे.

गैरसमज 5 : थांबा द्यायला काय लागतं? दोन मिनिटं तर जातात!

वस्तुस्थिती : गाडी वेग उतरवते, थांबते आणि पुन्हा वेग धरते. त्यामुळे दोन मिनिटांच्या थांब्याला प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ जातो आणि एकेरी मार्गावर त्याचा परिणाम समोरून येणाऱ्या गाडीवरही होतो. प्रत्येक गाडी प्रत्येक स्थानकावर थांबली तर मुंबई गाठायला साऱ्यांनाच उशीर होईल. शिवाय थांबा मिळाला म्हणजे जागा मिळाली असं नाही. लांब पल्ल्याच्या गाडीत मधल्या स्थानकांच्या वाट्याला किती आरक्षित जागा आहेत, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून कणकवली, कुडाळ, सिंधुदुर्ग, सावंतवाडीसाठी थांब्याबरोबर जागांचा कोटाही मागायला हवा. इथूनच सुटणाऱ्या गाड्या मिळाल्या तर त्याहून उत्तम.

गैरसमज 6 : सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन झालं, म्हणजे टर्मिनस झालं.

वस्तुस्थिती : जून 2015 मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, भूमिपूजन झालं. पण पाटीवर नाव लिहिल्याने टर्मिनस होत नाही. गाडी सुटण्याआधी डबे धुवायचे, पाणी भरायचं, चाकं आणि ब्रेक खालून तपासायचे. त्यासाठी खास मार्गिका, पाण्याची सोय आणि माणसं लागतात. तुतारी एक्स्प्रेस सावंतवाडीहून सुटते. अशा आणखी गाड्या हव्या असतील तर आधी ही सोय पूर्ण व्हायला हवी. मडगावहून येणारी गाडी आपल्याकडे येईपर्यंत भरलेली असते. सावंतवाडीहून सुटणारी गाडी आपल्यासाठी रिकामी उभी असेल.

गैरसमज 7 : आपली रेल्वे म्हणजे फक्त मुंबईची वाट.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत खोल रुजलेला आणि सर्वांत नुकसान करणारा. सिंधुदुर्गातली मुलं कोल्हापूर-पुण्याला शिकतात, रुग्ण तिकडे उपचारांना जातात, मासळी आणि हापूस घाटावर चढतात. तरी मालवणहून रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या कोल्हापूरला इथून थेट गाडी नाही. रेल्वेने जायचं तर मडगाव, लोंढा, मिरज असा चारशे किलोमीटरच्या घरातला फेरा, तोही गाड्या बदलत. पुण्याची वाट पनवेलवरून. विदर्भाला जोडणारी नागपूर–मडगाव ही विशेष गाडी आठवड्यातून दोन दिवस धावते, तीही कल्याण-पनवेलला वळसा घालून.

कारण नकाशावर स्वच्छ दिसतं. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली आणि त्याच शतकात गोव्याच्या सीमेवर कॅसलरॉकचा घाट उतरून रूळ मुरगावला पोहोचले. या दोन घाटांच्या मध्ये सह्याद्री ओलांडणारा एकही रेल्वेमार्ग आजवर झालेला नाही. कोल्हापूरला 1891 मध्ये आलेली रेल्वे तिथेच संपते.

ही दरी भरणारा सुमारे 107 किलोमीटरचा वैभववाडी–कोल्हापूर मार्ग 2016-17 च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. त्याला खर्च मोठा आहे आणि बोगदे बरेच लागतील. पण 2024 मध्ये कोल्हापूरकडे जाणारा करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी दीर्घकाळ बंद राहिला, तेव्हा पर्यायी वाट नसण्याची किंमत प्रत्येक ट्रकचालकाने आणि विद्यार्थ्याने मोजली.

नवा मार्ग होईपर्यंतही करण्यासारखं बरंच आहे. ऑगस्ट 2024 मध्ये वसईमार्गे वांद्रे–मडगाव गाडी सुरू झाली. आठवड्यातून दोनच दिवस असली तरी बोरिवली-वसईच्या चाकरमान्यांना थेट गाडी मिळाली. असलेल्या रुळांवरही नवी जोडणी बसवता येते, हे यातून दिसलं.

तेव्हा पुढच्या वेळी खासदार-आमदारांना निवेदन देताना ‘गाड्या वाढवा’ एवढ्यावर थांबू नका. वीर ते सावंतवाडी मार्गाच्या दुहेरीकरणाचा टप्प्याटप्प्याचा आराखडा मागा. सावंतवाडी टर्मिनस पूर्ण होण्याची तारीख मागा. पॅसेंजर पुन्हा दादरपर्यंत मागा. कणकवली-कुडाळच्या वाट्याच्या जागा मागा. गाडीच्या वेळेवर स्थानकाबाहेर उभी राहणारी मालवणची एसटी मागा. आणि वैभववाडी–कोल्हापूर मार्गाला दरवर्षी किती पैसे मिळाले, हे विचारत राहा. मुंबईची वाट आपल्याला पहिल्या पिढीने मिळवून दिली. उरलेल्या महाराष्ट्राशी सिंधुदुर्ग जोडण्याचं काम आपल्या पिढीचं आहे.