दोन अक्षरे, अनेक अर्थ

लोखंडी मालाच्या दुकानात ‘एम्. एस्.’ ही दोन अक्षरे उच्चारली, की दुकानदार सौम्य पोलादाचा नळ किंवा सळई पुढे करतो. त्याच रस्त्यावरील दवाखान्याच्या पाटीवर हीच अक्षरे शल्यचिकित्सकाची पदवी सांगतात. ग्रंथपालाच्या सूचीत त्यांचा अर्थ हस्तलिखित असा होतो. इतके अर्थ असूनही सहसा घोटाळा होत नाही. कारण अर्थ अक्षरांत नसून स्थळ व प्रसंग यांत असतो.

एककांच्या चिन्हांत मात्र केवळ प्रसंगावर विसंबून चालत नाही. तेथे अक्षराचा आकारही महत्त्वाचा ठरतो. दोन्ही अक्षरे लहान लिहिली, तर सेकंदाचा हजारावा भाग होतो. पहिले अक्षर मोठे केले, की तेच चिन्ह दहा लक्ष सेकंदांचे, म्हणजे सुमारे साडेअकरा दिवसांचे होते!

परंतु रुग्णालयात प्रसंग एकच असतो आणि अर्थ मात्र अनेक. हृदयरोगतज्ज्ञ याच अक्षरांनी हृदयातील द्विदल झडप अरुंद झाल्याचे नोंदवितो. मज्जाविकारतज्ज्ञ मज्जातंतूंवरील आवरण नष्ट करणाऱ्या ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ या रोगाचा निर्देश करतो. त्याहून मोठा धोका औषधांच्या बाबतीत संभवतो. मॉर्फिन सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट या दोहोंची आद्याक्षरे एकच आहेत.

मॉर्फिन हे अफूपासून मिळणारे तीव्र वेदनाशामक होय. मॅग्नेशियम सल्फेट गर्भारपणात रक्तदाब वाढून येणारे झटके थांबविण्यासाठी देतात. प्रौढ व्यक्तीस टोचावयाची मॉर्फिनची मात्रा साधारणतः १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा ४ ग्रॅम, म्हणजे तिच्या चारशे पट असते. दोन्ही औषधे प्रमाणाबाहेर गेल्यास श्वसन मंदावते. परंतु त्यांवरील उतारे भिन्न आहेत. मॉर्फिनवर नॅलॉक्सोन चालते, तर मॅग्नेशियमवर कॅल्शियम ग्लुकोनेट. अर्थात, कोणते औषध दिले गेले हे निश्चित ठाऊक नसेल, तर उपचारही चुकण्याचा संभव असतो.

याच कारणास्तव अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ या संस्थेने २००४ साली वर्ज्य संक्षेपांची यादी जाहीर केली. तीत ही दोन अक्षरे आहेत. त्यांच्याऐवजी औषधाचे पूर्ण नाव लिहावे, असा दंडक आहे. भारतातही वैद्यक परिषदेने २०१६ साली आपल्या नियमांत दुरुस्ती करून, औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे सांगितले.

संक्षेप हा लिहिणाऱ्याचे श्रम वाचविण्यासाठी असतो. पण त्याचा अर्थ लावण्याचा भार वाचणाऱ्यावर पडतो. जेथे वाचणाऱ्याची चूक तिसऱ्याच्या जिवावर बेतू शकते, तेथे पूर्ण शब्द लिहिणे हे लिहिणाऱ्याचे कर्तव्यच होय.