ताकद इंजिनाची, कसोटी ब्रेकची

मंडळी, दोन गाड्यांची तुलना आपण इंजिनापासून करतो. आज ब्रेकपासून करूया.

1964ची अमेरिकन पाँटियाक जीटीओ घ्या. 'मसल कार'ची लाट तिच्यापासून सुरू झाली असं मानतात. इंजिन व्ही-8, 325 हॉर्सपॉवर, आणि ब्रेक? चारही चाकांना ड्रम! एकदोनदा जोरात दाबले की तापून ढिले पडायचे.

आता 2018ची लॅम्बोर्गिनी उरुस. 650 हॉर्सपॉवर, वजन दोन टनांच्या वर, शून्य ते शंभर 3.6 सेकंदांत. पण डिस्क ब्रेक आहेत, एबीएस आहे. थांबण्यात नवी गाडी सरसच.

मग धोका कुठे? जुनी गाडी शंभरला थरथरायची, वेग अंगाला कळायचा. आज आपल्याकडची साधी एसयूव्हीसुद्धा 120ला शांत असते. काचा बंद, गाणी चालू.

आता बारामती-इंदापूर रस्ता डोळ्यासमोर आणा. उसाचा हंगाम, रात्रीची वेळ, भवानीनगरजवळ पुढे बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरा. ताशी 60ला तेवढ्यात 17 मीटर जातात, थांबायला आणखी 20, एकूण 37. ताशी 120ला 33 अधिक 80, म्हणजे 113 मीटर! आणि डिपरचा उजेड पोचतो पन्नास-साठ मीटर.

वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. हे गणित गाडीची किंमत विचारत नाही. म्हणून रात्री उजेडाच्या आत थांबता येईल, तेवढाच वेग ठेवा.