सायबर ट्रेनिंग आपण ‘स्किप’ का करतो?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. आजचा प्रश्न साधा आहे. सायबर फसवणुकीपासून वाचवणारं ट्रेनिंग लोकांना नकोसं का वाटतं?

आधी ती कॉलर ट्यून आठवा. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली. कुणालाही फोन लावा, आधी सायबर फसवणुकीचा इशारा ऐका. सल्ला एकदम बरोबर, आवाज घराघरात ओळखीचा. तरी लोक वैतागले. आता बघा ना, मस्तगडातून कुणी घाईघाईत दवाखान्यात असलेल्या भावाला फोन लावतंय आणि आधी लेक्चर सुरू! सगळीकडून ओरड झाली आणि जून २०२५ च्या अखेरीस ती ट्यून बंद झाली.

याचं उत्तर एका जुन्या थिअरीत सापडतं. १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकानं मांडलं, की माणूस नवं तंत्रज्ञान स्वीकारताना मनात दोन प्रश्न विचारतो. याचा मला उपयोग आहे का? आणि हे सोपं आहे का? यूपीआय घ्या. चहाच्या टपरीवाल्याला कुणी कंपल्सरी कोर्स दिला होता का? नाही. सुट्ट्या पैशांची कटकट गेली आणि स्कॅन करणं सोपं होतं. दोन्ही उत्तरं ‘हो’, विषय संपला.

आता ऑफिसातलं सायबर ट्रेनिंग घ्या. वर्षातून एकदा लांबलचक व्हिडिओ येतो. आपण तो म्यूट करून दुसऱ्या टॅबमध्ये लावतो. क्विझची उत्तरं मित्राकडून येतात, सर्टिफिकेट मिळतं. उपयोग दिसत नाही आणि वेळ जातो. दोन्ही उत्तरं ‘नाही’.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या आरोग्य यंत्रणेत १९,५०० हून जास्त कर्मचाऱ्यांना आठ महिन्यांत दहा वेळा खोटे फिशिंग मेल पाठवले गेले. २०२५ मध्ये निकाल आला. ट्रेनिंग मिळालेल्यांचं फसण्याचं प्रमाण इतरांपेक्षा फक्त १.७ टक्क्यांनी कमी! लिंकवर क्लिक केल्यावर जे ट्रेनिंगचं पान उघडायचं, त्यावर ७५ टक्के लोक एक मिनिट किंवा त्याहून कमी थांबले.

मग ट्रेनिंग बंदच करायचं का? नाही. पण पद्धत बदलायला हवी.

पहिलं, एका वेळी एकच गोष्ट, तीही समोरच्याच्या रोजच्या कामातली. शेतकरी काकांना ‘मालवेअर’ समजावत बसू नका. ‘काका, व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसानच्या नावानं एपीके फाइल आली तर उघडू नका,’ एवढंच सांगा. दुकानदाराला सांगा, ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून चाललेत.’

दुसरं, जे काम सिस्टिम करू शकते ते माणसाच्या डोक्यावर टाकू नका. यूपीआयवर अनोळखी माणूस ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ पाठवायचा आणि लोक पैसे मिळतील समजून पिन टाकायचे. वर्षानुवर्षं इशारे दिले गेले. शेवटी एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीकडून व्यक्तीला जाणारी ही रिक्वेस्टच बंद केली. ती सोयच नाही म्हटल्यावर तिच्यापासून सावध राहायला शिकवायची गरजही उरली नाही.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: लाज काढू नका. ‘एवढा शिकलेला, तरी फसलास कसा रे?’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! हे ऐकावं लागेल या भीतीनं माणूस गप्प बसतो. तिकडे त्याचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरत असतात. १९३० या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी पैसे मध्येच रोखले जाण्याची शक्यता जास्त. आपल्या एका टोमण्यामुळे तो वेळ हातातून जातो.

स्वित्झर्लंडमध्ये एका मोठ्या कंपनीत १४,००० हून जास्त कर्मचाऱ्यांवर १५ महिने अभ्यास झाला. मेलमध्ये ‘हे संशयास्पद वाटतंय’ असं कळवायचं बटन दिलं होतं. लोक ते खरंच दाबत होते, पटापट आणि शेवटपर्यंत. म्हणजे सहभागी व्हायला लोक तयार असतात. काम एका क्लिकचं हवं आणि कुणी हसता कामा नये.

तर मंडळी, आज एक काम करा. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये १९३० नंबर ‘सायबर मदत’ नावानं सेव्ह करून द्या. आणि आई-बाबांना एवढं सांगा, ‘काही गडबड वाटली तर आधी मला फोन करा, मी रागावणार नाही.’ आणि फोन आलाच, तर खरंच रागावू नका.