बेटमान यांचे चित्रदप्तर

मराठी वृत्तपत्रांत कित्येक चित्रांखाली बारीक टाइपात 'संग्रहित छायाचित्र' एवढीच नोंद असते. असले संग्रह प्रथम कोणी उभे केले आणि त्यांची व्यवस्था कशी लावली, या कुतूहलाने वाचू लागलो, तो ओटो बेटमान या जर्मन ग्रंथपालाच्या कार्यापाशी थबकलो.

1903 साली लाइप्झिग येथे जन्मलेले बेटमान बर्लिनच्या सरकारी कलाग्रंथालयात दुर्मिळ ग्रंथांचे अधिकारी होते. ज्यू म्हणून नाझी राजवटीने त्यांना नोकरीवरून बडतर्फ केले, आणि 1935 साली चित्रांनी भरलेल्या दोन पेट्या घेऊन ते न्यूयॉर्कला उतरले. पुढच्याच वर्षी 'बेटमान अर्काइव्ह' सुरू झाले. संपादकाने विषय कळवावा, शुल्क भरून चित्र ठरलेल्या वापरापुरते न्यावे आणि मूळ प्रत दप्तरातच राहावी, अशी तेथील वहिवाट. 1981 मध्ये त्यांनी हे दप्तर विकले. पुढे युनायटेड प्रेस इंटरनॅशनल या वृत्तसंस्थेची सुमारे 1 कोटी 15 लाख चित्रे त्यात आली. 1995 मध्ये ते बिल गेट्स यांच्या कॉर्बिस कंपनीकडे आणि 2016 मध्ये एका चिनी कंपनीकडे हस्तांतरित झाले.

या खरेदीविक्रीपेक्षा मला खिळवून ठेवले ते बेटमान यांच्या कार्डाने. प्रत्येक चित्राची एक लहानशी प्रत कार्डावर चिकटवायची, शेजारी त्याचे वर्णन लिहायचे आणि ज्या ज्या विषयाखाली ते कोणी मागण्याचा संभव आहे त्या त्या विषयाची नोंद करायची, अशी ही पद्धत होती. शस्त्रवैद्याचे एखादे जुने चित्र वैद्यकाखाली तर सापडावेच, परंतु पोशाख, हत्यारे आणि वेदना यांच्याखालीही सापडावे, एवढी दूरदृष्टी त्या नोंदीमागे असावी लागते. चित्रे जमवणारे पुष्कळ असतात; बेटमान यांचे मोठेपण मला या नोंदींत दिसते, कारण बातमीशेजारी छापलेले चित्र वाचक पुरावा म्हणून पाहतो, आणि ते कशाचा पुरावा आहे हे केवळ नोंदच सांगू शकते.

याच दप्तरातील एक जगप्रसिद्ध चित्र पाहावे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरच्या अपूर्ण इमारतीत 69 व्या मजल्याच्या उंचीवर अकरा कामगार एका पोलादी तुळईवर रांगेने बसून जेवत आहेत, पाय अधांतरी लोंबत आहेत आणि खाली धुरकट शहर पसरलेले आहे. हे चित्र 20 सप्टेंबर 1932 रोजी इमारतीच्या प्रसिद्धीसाठी मुद्दाम जुळवून घेतले होते. माणसे खरोखरच तेथील कामगार होती, परंतु प्रसंग योजलेला होता. मंदीच्या काळातील श्रमिकांच्या धैर्याचे सहज टिपलेले दृश्य म्हणून ते आजवर असंख्य वेळा छापले गेले. 2003 मध्ये त्याचे श्रेय चार्ल्स एबेट्स यांना देण्यात आले. परंतु त्या दिवशी तेथे आणखीही छायाचित्रकार हजर होते असे दिसून आल्यावर तेही अनिश्चित ठरले. त्याची मूळ काचेची निगेटिव्ह फुटलेली आहे; तिचे तुकडे जपून ठेवता आले, परंतु छायाचित्रकाराची खात्रीलायक नोंद कोणालाही पुरवता आली नाही.

जपणुकीचा प्रश्नही बिकट आहे. अ‍ॅसिटेटच्या जुन्या फिल्मचे विघटन सुरू झाले की तिला व्हिनेगरचा उग्र वास येतो, ती आक्रसते आणि वरचा थर सुटू लागतो. न्यूयॉर्कच्या कचेरीत हे घडू लागल्यावर सारा संग्रह पेनसिल्व्हेनियातील बॉयर्स येथे, चुनखडीच्या एका जुन्या खाणीत, जमिनीखाली 220 फुटांवर हलवण्यात आला आणि उणे 20 अंश सेल्सिअसच्या शीतगृहाचा बंदोबस्त झाला. या थंडीत विघटनाची गती अत्यंत मंदावते, आणि एवढ्या खर्चाची तजवीज करणाऱ्यांविषयी मला कृतज्ञताच वाटते.

तथापि स्थलांतराच्या वेळी संगणकावर उतरवलेली चित्रे होती सुमारे सव्वादोन लाख, म्हणजे एकंदर संग्रहाच्या दोन टक्क्यांहूनही कमी. आणि निवड करताना ऐतिहासिक मोलाबरोबर खपाचाही विचार झाला होता. गोठवलेली निगेटिव्ह बाहेर काढली, तर बाष्प धरू नये म्हणून तिला सावकाश उबदार होऊ द्यावे लागते. रात्री अंक सोडण्याच्या घाईत असलेला संपादक एवढा थांबू शकत नाही. तो पडद्यावर तयार असलेल्या चित्रांतूनच निवडतो, आणि तीच ती चित्रे वर्षानुवर्षे छापली जातात. मला अधिक धास्ती वाटते ती वृत्तसंस्थांच्या जुन्या छापील प्रतींच्या पाठीवरील मजकुराची. स्थळ, तारीख, माणसांची नावे, कधी कोणी पेन्सिलीने केलेली दुरुस्ती, हे सारे चित्राबरोबरच उतरवून घेतले पाहिजे, आणि ते अक्षर लावू शकतील, चुका ताडून पाहतील असे जाणकार या कामावर नेमले पाहिजेत. चित्रे विकून नफा मिळवणाऱ्या कंपन्यांनी हा खर्च नाकारला, तर एका माणसाने कार्डागणिक उभे केलेले काम अर्धवटच राहील.