शरीरसौष्ठवाची मासिके आणि पुण्याचा वाचक

शरीर कमावण्याला वाहिलेल्या नियतकालिकांची सुरुवात १८९८ मध्ये इंग्लंडात झाली. त्या वर्षी 'हेल्थ अँड स्ट्रेंग्थ' निघाले आणि युजेन सँडो या मूळच्या प्रशियातल्या बलवानाने स्वतःचे मासिक काढले, जे पुढे 'सँडोज मॅगझिन' म्हणून ओळखले गेले. वर्षभरात बर्नार मॅकफॅडनचे 'फिजिकल कल्चर' अमेरिकेत बाजारात आले. सँडो आपल्या नावाचे स्प्रिंगचे डंबेल्स आणि टपालाने व्यायामाचे धडे विकत असे. मॅकफॅडनने मासिक काढले तेच मुळात आपल्या व्यायामयंत्राची विक्री वाढावी म्हणून. सांगणारा आणि विकणारा एकच, हा या धंद्याचा पाया पहिल्याच अंकापासून पडला. पुढच्या शंभर वर्षांत मासिके बदलली, मालक बदलले, पण हा पाया फारसा हलला नाही. पुण्यातल्या वाचकाने या काळात काय वाचले आणि कशावर भरवसा ठेवला, याचा विचार करताना तो विसरून चालत नाही.

सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हा पुण्यात व्यायाम छापील कागदावर अवलंबून नव्हता. चिंचेची तालीम, खालकर तालीम, गोकुळ वस्ताद तालीम अशा पेठापेठांतल्या तालमींत जोर, बैठका, जोडी आणि कुस्ती वस्तादाच्या तोंडून आणि हातून शिकली जात होती. किती जोर मारायचे, खुराकात दूध-बदाम किती, कोणत्या पोराला कोणाशी धरायला लावायचे, हे समोरच्या अंगाकडे पाहून ठरे. मासिकाची गरज पडली ती तालमीबाहेरच्या, इंग्रजी शिकलेल्या वर्गाला. डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये स्थापन झाला, तर कॅप्टन शिवरामपंत दामले यांचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये. देशी व्यायाम आणि पाश्चात्त्य कसरत दोन्हींकडे कुतूहलाने पाहणारा एक वर्ग शहरात तयार होत होता, आणि त्याला वाचायला काहीतरी हवे होते.

ती गरज मराठीत सर्वांत जोमाने भागवली बडोद्याने. सयाजीरावांच्या बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिर आणि राजरत्न प्राध्यापक माणिकराव यांची परंपरा होतीच. तिथूनच दत्तात्रेय चिंतामण ऊर्फ आबासाहेब मुजुमदार यांनी 'व्यायाम' हे मासिक चालवले आणि १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत सिद्ध केला. १९५० मध्ये त्याच विषयावर त्यांचा इंग्रजी कोशही निघाला. दंड, बैठका, जोडी, लेझीम, मल्लखांब, कुस्तीचे डाव-पेच यांची क्रमवार आणि सचित्र मांडणी हे या कामाचे बळ. तोपर्यंत वस्तादागणिक बदलणारी माहिती एका जागी आली आणि ती पडताळून पाहता येऊ लागली. मराठी वाचकाला आपल्या मातीतल्या व्यायामाविषयी इतके सविस्तर साहित्य त्यापूर्वी मिळाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्यानंतरही त्या तोडीचे मिळालेले नाही.

पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्याला, याच सुमारास एक वेगळ्या जातीचे नियतकालिक जन्माला आले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या योगक्रियांच्या वेळी पोटातल्या दाबाचे काय होते, हे उपकरणांनी मोजून आणि क्ष-किरणांनी पाहून त्यात मांडले जाई. दंडाचा घेर वाढवू पाहणाऱ्या पोराला यात रस वाटण्याचे कारण नव्हते. पण व्यायामाविषयी दावा करायचा तर आधी मोजमाप दाखवायचे, ही शिस्त चकचकीत मासिकांनी क्वचितच पाळली; लोणावळ्याच्या त्रैमासिकाने ती आरंभापासून पाळली.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारे अमेरिकेकडून वाहू लागले. बॉब हॉफमनचे 'स्ट्रेंग्थ अँड हेल्थ' १९३२ पासून पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावाहून निघत होते; तिथेच त्याचा बारबेलचा कारखाना होता. नेब्रास्कातल्या पिअरी रेडरने १९३६ मध्ये 'आयर्न मॅन' काढले. मॉन्ट्रियलच्या जो वीडरने १९४० मध्ये 'युअर फिजिक' सुरू केले आणि १९५३ मध्ये 'मसल बिल्डर'. तेच १९८० पासून 'मसल अँड फिटनेस' झाले, आणि १९८३ मध्ये त्याच्या जोडीला 'फ्लेक्स' आले.

ही मासिके वरवर सारखी दिसत असली तरी प्रत्येकाचे घराणे वेगळे होते. हॉफमनचा ओढा ऑलिंपिक वेटलिफ्टिंगकडे आणि अमेरिकेच्या हौशी संघटनेकडे. वीडर बंधूंनी १९४६ मध्ये स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटनाच काढली आणि १९६५ पासून 'मिस्टर ऑलिम्पिया' भरवली, तेव्हा त्यांच्या पानांवर झळकणारे विजेते बहुधा त्यांच्याच स्पर्धांतले असत. लंडनची 'मिस्टर युनिव्हर्स' १९४८ मध्ये 'हेल्थ अँड स्ट्रेंग्थ'च्या वर्तुळातून उभी राहिली. भारतीय शरीरसौष्ठवपटू मनोहर आइच यांनी १९५२ मध्ये तिच्यात किताब मिळवला तो त्याच घराण्यात. एकच मासिक वाचणाऱ्याला जगात एकच स्पर्धा आणि एकच विजेता आहे असे वाटणे साहजिक होते. याला त्यातल्या त्यात अपवाद रेडरचा. त्याच्या मासिकात सर्व गटांच्या बातम्या येत, वेटलिफ्टिंगपासून पॉवरलिफ्टिंगपर्यंत सगळे प्रकार येत, आणि सामान्य नोकरदार माणसाने आठवड्यातून दोन-तीन दिवस कसा व्यायाम करावा हेही येई. छपाई साधी, कागद साधा. त्या काळातले एकच मासिक निवडायचे झाले तर ते हेच.

पुण्याच्या वाचकाला मात्र निवडीचे स्वातंत्र्य कितपत होते? परकीय चलनावर निर्बंध असताना अमेरिकेला वर्गणी धाडणे सर्वसामान्याच्या आवाक्यातले नव्हते. कॅम्पातल्या मॅनीज आणि डेक्कनवरच्या इंटरनॅशनल बुक सर्व्हिससारख्या दुकानांमुळे शहराला इंग्रजी पुस्तकांची सवय होती, पण व्यायामाची मासिके बहुतेकांच्या हाती पडत ती जुन्या अंकांच्या रूपात: फूटपाथवर, रद्दीच्या दुकानात, किंवा जिममधल्या कोणाच्या तरी परदेशस्थ नातेवाइकाकडून. अंक हाती येईपर्यंत एक-दोन वर्षे उलटलेली असत आणि मधले पोस्टर बहुधा कोणीतरी आधीच काढून भिंतीवर चिकटवलेले असे. अशा बाजारात वाचक मासिक निवडत नव्हता, सापडेल ते वाचत होता. त्यामुळे एखाद्या लेखमालेचा तिसरा भाग वाचून पहिले दोन कधीच न मिळणे ही सामान्य गोष्ट होती. याचा एक फायदाही झाला, तो असा की एकच अंक अनेक हातांतून फिरे आणि त्यावर चर्चा होई.

ऐंशीच्या दशकातला 'मसल अँड फिटनेस'चा अंक घेतला तर त्याची रचना ठरलेली दिसते. मुखपृष्ठावर विजेता, आत त्याचे 'रुटीन', मग आहार, मग एखादा संशोधनाचा आव आणणारा लेख, आणि या सगळ्याच्या मधूनमधून वीडरच्याच प्रोटीन पावडरी, गोळ्या आणि उपकरणे. व्यायामाच्या पद्धतींनाही 'वीडर प्रिन्सिपल्स' असे घरचे नाव दिलेले. पुण्यातल्या पोराला हे रुटीन आपल्या जिममध्ये बसवावे लागे. वजने पौंडांत, इथल्या प्लेट किलोच्या. म्हणजे २२५ पौंड वाचले की १०२ किलो असा हिशेब. केबलची यंत्रे सगळीकडे नसत. आहाराच्या तक्त्यात टर्की, बीफ आणि कॉटेज चीज. त्यांच्या जागी अंडी, दूध, भिजवलेले चणे, मटकी, शेंगदाणे, फार तर कोंबडी. यात अडचण पदार्थांची नव्हती, प्रमाणाची होती. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, हे एकदा कळले की बराचसा तक्ता आपोआप जुळे. खरी फसगत होई ती रुटीनमध्ये. एकेका स्नायूला वीस-वीस सेट, आठवड्यातून सहा दिवस, हे नोकरी करणाऱ्या किंवा परीक्षा देणाऱ्या मुलाच्या अंगाला पेलणारे नव्हते. ते न पेलल्याचा दोष तो स्वतःकडे घेई.

दोष बराचसा दडवलेल्या माहितीचा होता. डायनाबॉल हे स्टेरॉइड १९५८ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आले आणि डॉ. जॉन झिगलर यांच्यामार्फत यॉर्कच्या लिफ्टर्सपर्यंत पोहोचले. साठच्या दशकाच्या आरंभी त्यांतल्या काहींची ताकद झपाट्याने वाढली. 'स्ट्रेंग्थ अँड हेल्थ'ने त्याचे श्रेय न हलणाऱ्या दांड्यावर जोर लावण्याच्या आयसोमेट्रिक व्यायामाला दिले आणि त्यासाठीची चौकट विकायला काढली. गोळीचा उल्लेख नव्हता. पुढे वीडरच्या मासिकांतही विजेत्यांच्या शरीराचे श्रेय वर्षानुवर्षे रुटीनला आणि डब्यातल्या पावडरीला मिळत राहिले. १९८५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वीडरच्या दोन उत्पादनांच्या दाव्यांवर आक्षेप घेतला आणि कंपनीला ग्राहकांचे पैसे परत करण्याचे मान्य करावे लागले. ही बातमी पुण्याच्या रद्दीत येणाऱ्या अंकांतून कळण्याची शक्यता अर्थातच कमी. भारतात औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ चा, उंची वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातीही त्याच्या कक्षेत येतात. पण परदेशी अंकाच्या पानावर छापून आलेल्या आश्वासनाला तो काय करणार?

मराठीत या काळात खेळाविषयीचे लेखन मुख्यतः क्रिकेटने व्यापले होते. पुण्यातून डॉ. अरविंद संगमनेरकर यांचा 'शतायुषी' दिवाळी अंक निघे, पण त्याचा विषय एकूण आरोग्य. वजन उचलणाऱ्याच्या वाट्याला त्यातले थोडेच. प्रेमचंद डेगरा यांनी १९८८ मध्ये शरीरसौष्ठवाचा जागतिक किताब मिळवला, देशभर जिम वाढल्या, तरी बारबेलच्या व्यायामाचे मराठी मासिक रुजले नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतले सदर आणि जिममधल्या ट्रेनरचा शब्द यांवर काम भागत राहिले.

१९९१ नंतर आयात सुलभ झाली आणि ताजे अंक दुकानांत दिसू लागले. २००७ मध्ये 'मेन्स हेल्थ'ची भारतीय आवृत्ती आली. तिच्यात भारतीय खाणे आणि ऑफिसात दिवस घालवणारा वाचक गृहीत धरलेला होता, ही जमेची बाजू. पण तिचा कल शक्तीपेक्षा दिसण्याकडे, आणि व्यायामाइतकीच जागा कपडे, घड्याळे आणि नातेसंबंधांना. नेमके याच दशकात प्रोटीन पावडरीचा धंदा देशात फोफावला आणि जाहिरातदार बदलला तरी जाहिरातीची जागा तीच राहिली. वीडर प्रकाशने २००३ मध्ये अमेरिकन मीडियाच्या ताब्यात गेली होती. २०१७ मध्ये 'फ्लेक्स'चा छापील अंक बंद होऊन तो 'मसल अँड फिटनेस'मध्ये विलीन झाला. 'स्ट्रेंग्थ अँड हेल्थ' त्याआधीच १९८६ मध्ये थांबले होते. पुण्यात मॅनीजही २०१२ मध्ये बंद झाले.

चकचकीत मासिकांच्या सावलीत काही छोटी प्रकाशने तग धरून होती, आणि निवडीच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व जास्त आहे. स्टुअर्ट मॅकरॉबर्टने सायप्रसहून १९८९ ते २००४ पर्यंत चालवलेले 'हार्डगेनर' औषधे न घेणाऱ्या, अंगाने बेताच्या माणसासाठी होते: मोजके व्यायाम, कमी सेट, पुरेशी विश्रांती, दर आठवड्याला थोडेसे जास्त वजन. पुण्याच्या नोकरदाराला वीस सेटांपेक्षा हे कितीतरी जवळचे. पॉवरलिफ्टिंग करणाऱ्यांसाठी १९७७ ते २०१२ पर्यंत 'पॉवरलिफ्टिंग यूएसए' होते. त्यात स्पर्धांचे निकाल आकड्यांनिशी छापले जात, आणि उचललेल्या वजनाचा आकडा फोटोइतका सहज फसवत नाही. प्रशिक्षकांसाठी अमेरिकेतल्या नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशनची दोन नियतकालिके आहेत, एक व्यवहाराकडे झुकलेले आणि दुसरे संशोधनाचे. त्यांतला लेख वाचताना प्रयोगात किती माणसे होती, ती नवखी होती की मुरलेली, प्रयोग किती आठवडे चालला, एवढे पाहिले तरी बरीच दिशाभूल टळते. आठ आठवड्यांत नवख्याची ताकद जवळपास कोणत्याही पद्धतीने वाढते. जुन्या मासिकांनी काय सांगितले आणि काय लपवले याचा शोध घेणारे 'आयर्न गेम हिस्टरी' टेरी आणि जॅन टॉड यांनी १९९० मध्ये टेक्सास विद्यापीठातून सुरू केले. यॉर्कच्या गोळ्यांचा आणि आयसोमेट्रिक चौकटीचा किस्सा त्यातल्यासारख्या अभ्यासांमुळेच उजेडात आला. त्याचे जुने अंक वाचायला मोफत मिळतात.