कच्च्या छायाचित्राची पुष्पिका

पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, स्थळ आणि शक नोंदवितो; त्या पुष्पिकेवाचून पोथीचा काळ ठरविणे अवघड जाते. कॅमेऱ्याने टिपलेल्या, संस्कार न झालेल्या ‘रॉ’ छायाचित्रालाही अशी पुष्पिका असते: टिपल्याची वेळ, भिंग, छिद्रमान. मात्र ती चित्राच्या पोटातच असेल असे नाही. २००३ च्या कॅनन ३००डी या कॅमेऱ्याच्या ‘सीआरडब्ल्यू’ फाइलीशेजारी त्याच नावाची चिमुकली ‘टीएचएम’ फाइल असते. एक्झिफ नोंदी तिच्यात असतात. पण केवळ लघुचित्र समजून तीच आधी पुसली जाते. रूपांतराच्या वेळी ही जोडी फुटता कामा नये.

जतनासाठी बहुधा ‘डीएनजी’ हे स्वरूप निवडले जाते. अ‍ॅडोबीने २००४ साली त्याचे नियम खुले केले; पाया ‘टिफ’चा. प्रमाणित नोंदी त्यात सहसा सुखरूप उतरतात. अडचण आहे ती ‘मेकरनोट’ या निर्मात्याच्या खासगी कप्प्याची. त्यातील मजकुराचा ठावठिकाणा बहुधा फाइलीतील अंतर मोजून दिलेला असतो. मजकूर हलला की ते माप चुकते. यास्तव मूळ फाइल डीएनजीतच समाविष्ट करण्याची सोय आहे. आकार फुगतो म्हणून पुष्कळजण ती नाकारतात. ही काटकसर अनाठायीच म्हटली पाहिजे.

मूळ प्रत काढून टाकण्यापूर्वी ‘एक्झिफटूल’ने दोन्हींच्या नोंदी ताडून पाहाव्यात. संगणक फाइलीपुढे दाखवितो ती तारीख रूपांतराची असू शकते. छायाचित्र टिपल्याची तारीख एक्झिफमध्ये निराळी नोंदलेली असते.