जीर्ण हृच्छूल : औषधांच्या जोडीला काय?

जिना चढताना छाती जखडते, थांबले की दोन-चार मिनिटांत शमते, आणि महिनोन्महिने हा क्रम बदलत नाही. असा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. बायपासच्या धास्तीने तो आपल्याकडे येतो आणि औषधाविना काही उपाय आहे का, असे विचारतो. उपाय आहे; मात्र तो चालू औषधे न थांबविता करावयाचा, हे त्यास प्रथमच सांगावे, असे आमचे मत आहे.

सर्वांत भरवशाचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. जर्मनीतील लाइपझिग येथे स्थिर हृच्छूलाच्या १०१ पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना स्टेंट व उरलेल्यांना वर्षभर नियमित व्यायाम देण्यात आला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हृदयविकाराचा नवा उपद्रव न होता वर्ष पार पाडणारे व्यायामगटात ८८ टक्के, तर स्टेंटगटात ७० टक्के होते. रुग्णसंख्या लहान असल्याने स्टेंट निरुपयोगी ठरत नाही. स्टेंटने वेदना कमी होते, हे २०२३ च्या ऑर्बिटा-२ अभ्यासाने दाखविलेच आहे.

व्यायामाची मात्रा औषधाइतक्याच काटेकोरपणे ठरवावी लागते. सुश्रुतोक्त अर्धशक्ती येथे अक्षरशः उपयोगी पडते : वेदनेच्या अलीकडे थांबावे. हृदयरोगतज्ज्ञाकडून ताणचाचणी करून घ्यावी. मग सपाट रस्ता, आरंभी व शेवटी संथ चाल. भोजनोत्तर लगेच चालणे नको, आणि पौषातील पहाटही नको. थंडीने हृच्छूल उद्दीपित होतो. 'पहाटे फिरा' हा आपला लाडका सल्ला या रुग्णास मानवत नाही.

ईईसीपी यंत्राची जाहिरात 'शस्त्रक्रियेविना बायपास' अशी केली जाते, ती दिशाभूल आहे. पायांवरील पट्टे हृदयाच्या विश्रांतिकाळात फुगून रक्त हृदयाकडे ढकलतात. धमनीतील अवरोध त्याने निघत नाही. रोज तासभर याप्रमाणे ३५ तासांच्या या उपचाराने वेदनेचे प्रसंग घटल्याचे १३९ रुग्णांच्या १९९९ च्या अभ्यासात आढळले. म्हणून स्टेंट वा बायपास शक्य नसलेल्या, औषधे घेऊनही त्रस्त राहिलेल्या रुग्णासच तो सुचवावा. महाधमनीची झडप गळत असेल, महाधमनी फुगली असेल किंवा पायाच्या शिरेत गुठळी असेल, तर तो वर्ज्य.

औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींना एक विनंती. वेदना विश्रांतीतही येऊ लागली, अल्प श्रमाने येऊ लागली, किंवा थांबूनही शमेना, तर ग्राहक 'गॅस झालाय' म्हणून हिंग्वाष्टक मागत असला तरी पुडी बांधू नये. त्यास बसवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.